राहून गेलेला उत्तरपक्ष

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : शर्मिष्ठा हिराजी मढवी, वय वर्षे सत्त्याहत्तर, अविवाहित, तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, राहणार ‘पुतळाई’, नाखवा आळी, खाडीकाठचा कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम), मुंबई.

मी हे शुद्धीवर, चष्मा लावून आणि राग निवळल्यानंतर लिहीत आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीचा दाखला डॉ. जान्हवी पागधरे यांनी दिला आहे व तो सोबत जोडला आहे. उरलेल्या दोहोंबाबत माझा शब्द पुरेसा मानावा. मजकूर मी स्वतः रचला व स्वतःच्या हाताने लिहिला. कोणी धाकात घेतले किंवा भरीस घातले असे नाही. लाडीगोडी लावण्याचा प्रयत्न झाला. त्याची नोंद योग्य जागी येईल.

यापूर्वी २०१८ साली मी एक मृत्युपत्र केले होते व त्यात माझे राहते घर माझा भाचा चि. प्रज्योत बळवंत मढवी याला दिले होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करीत आहे. रद्द करण्याचे कारण सांगणे कायद्याने मला बंधनकारक नाही. तरीही मी ते सांगणार आहे, कारण निष्कर्ष लिहून कारण न देणाऱ्या विद्यार्थ्याला मी आयुष्यभर शून्य गुण दिले.

कलम १. घर

‘पुतळाई’ हे घर तळमजला अधिक दोन मजले असे आहे. पूर्वेस आळीचा रस्ता, पश्चिमेस खाडीकडे जाणारी पायवाट, दक्षिणेस श्री. कुंडलिक पोशा केणी यांचे घर आणि उत्तरेस मासळी वाळवण्याचे सार्वजनिक खळे. मिळकत पत्रिकेची प्रत सोबत आहे.

हे घर माझी आई कै. पुतळाबाई हिने डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं विकून बांधले. माझे शिक्षणही त्याच पाटीतून झाले. आई निरक्षर होती, पण समोरचे गिऱ्हाईक काय बोलणार हे त्याने तोंड उघडण्याआधी तिला ठाऊक असे, आणि त्याचा आक्षेप ती स्वतःच बोलून मोकळी होई. “बोंबील बारीक वाटतान ना तुला? बारीकच हायत. म्हनून तर गोड हायत.” पुढे मी जे शास्त्र शिकले आणि शिकवले, त्याचा पहिला पाठ मी बाजारात, तिच्या पाटीशेजारी बसून घेतला.

आईने नोंदणीकृत मृत्युपत्राने घर मला आणि होडी माझा भाऊ कै. बळवंत याला दिली. त्यामुळे या घरावर जन्माने कोणाचाही हक्क पोचत नाही व ते कोणाला द्यावे हे ठरवण्यास मी मुखत्यार आहे.

कलम २. किरकोळ जिन्नस व जुनी भांडणे

आईच्या सोन्याच्या पाटल्या प्रज्योतची पत्नी सौ. कल्पिता हिला द्याव्यात. नवऱ्याच्या वक्तृत्वाची शिक्षा तिला होऊ नये. बँकेतील ठेवीतून माझ्या आजारपणाचा व अंत्यविधीचा खर्च भागवावा आणि जे उरेल ते आळीतल्या वाचनालयाला द्यावे.

माझी पुस्तके ज्या महाविद्यालयात मी नोकरी केली तेथे देऊ नयेत. तेथे तर्कशास्त्र हा विषय आता शिकवला जात नाही. न वापरण्याच्या वस्तू ठेवण्यास त्यांच्याकडे जागा कमी पडेल. पुस्तके माझी विद्यार्थिनी ॲड. श्रुतिका दळवी हिने न्यावीत. ती वाचील किंवा न वाचता त्यांतून उद्धृत तरी करील. तिच्या व्यवसायात दोन्ही चालते.

माझ्या पन्हाळीचे पाणी शेजारच्या कुंडलिक केणी यांच्या ओट्यावर पडते, असा त्यांचा तीस वर्षांपासूनचा आरोप आहे. पाणी वाऱ्यामुळे जाते, हे माझे म्हणणे मी आजही सोडलेले नाही. तथापि हे भांडण घराबरोबर पुढच्या मालकाच्या गळ्यात पडू नये, म्हणून माझ्या खर्चाने पन्हाळ आतल्या बाजूला वळवून घ्यावी. याचा अर्थ मी चूक कबूल केली असा कोणी घेऊ नये. विशेषतः कुंडलिकने घेऊ नये.

कलम ३. हॉस्टेल

घरात हॉस्टेल काढण्याची कल्पना प्रज्योतची. बळवंत गेल्यावर होडी वापराविना पडून होती. २०१६ साली प्रज्योतने ती विकली आणि त्यातून दुमजली खाटा, पंखे आणि कुलपांची कपाटे घेतली. मला म्हणाला, “आत्या, वरचे दोन मजले नुसते पडलेत गं. पाठीवर सॅक टाकून जग फिरणारी पोरं असतात ना, त्यांना एसी नको, टीव्ही नको. झोपायला खाट पाहिजे नि गप्पा मारायला एक माणूस पाहिजे.”

“माणूस कुठून आणणार?”

“तू आहेस की!”

हॉस्टेलचे नाव ‘शीड’ ठेवले. कारभार शीतल सीताराम जोगदंड ही मुलगी पाहू लागली. मानखुर्दला राहणारी, हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतलेली, कमी बोलणारी. मी तळमजल्यावर राहत होते. गुडघ्यांमुळे मला जिने चढता येत नाहीत; म्हणून संध्याकाळी पाहुणेच खाली ओट्यावर येत व आम्ही वाद घालत असू. नियम एकच होता : स्वतःला जी बाजू पटत नाही ती मांडायची. मांसाहारी माणसाने शाकाहाराची, नास्तिकाने देवाची. पोलंडच्या एका मुलाने लग्नसंस्थेची बाजू इतकी चांगली मांडली की त्याच्यासोबत आलेल्या मुलीने तिथेच त्याला विचारले, “मग करूया?” तो वादात जिंकला आणि रात्रभर काळजीत पडला.

प्रज्योतला ही रीत मी तो शाळेत असल्यापासून शिकवली होती. प्रतिपक्षाचे म्हणणे म्हणजे पूर्वपक्ष. तो आधी मांडायचा आणि खुद्द प्रतिपक्षालाही साधणार नाही इतक्या ताकदीने मांडायचा. त्यानंतरच त्याचे खंडन, म्हणजे उत्तरपक्ष. आपले जुने शास्त्रकार असेच करीत. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांत त्याने या रीतीवर ढाली जिंकल्या. त्याच्याइतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नाही, हे मी येथे पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

कलम ४. एप्रिल २०२०

टाळेबंदी लागली तेव्हा हॉस्टेलमध्ये तीन पाहुणे अडकले. अर्जेंटिनाहून आलेले एक निवृत्त दंतवैद्य, त्यांची पत्नी आणि रंगभूषा शिकण्यासाठी मिझोरममधल्या ऐझॉलहून आलेली लालरिनपुई. विमाने बंद, गाड्या बंद. तिघेही टाळेबंदीच्या आधीपासून वरच्या मजल्यावर होते आणि त्यानंतर खाली उतरले नव्हते. शीतल घरी न जाता हॉस्टेलमध्येच राहिली होती व जिन्याच्या मधल्या पायरीवर जेवणाची ताटे ठेवत असे.

आळीत भीती पसरली. भीती खोटी नव्हती. लालरिनपुई खिडकीत दिसली की खालून पोरे तिला रोगाच्या नावाने हाका मारत. कुंडलिक केणी रोज सकाळी रस्त्यात उभे राहून माझ्या दाराकडे तोंड करून ओरडत, “पावने तुझे, नि मरान आमचं!” मी खिडकीतून उत्तर देत असे. आमचे हे भांडण सरळ होते.

शेवटी आळीच्या पाटलांनी पाहुण्यांच्या प्रश्नावर खळ्यात बैठक बोलावली : प्रत्येक घरातून एक माणूस, तोंडाला रुमाल, मध्ये अंतर. प्रज्योत तेव्हा कल्पितासह आळीतच वेगळ्या घरात राहत होता; तो त्या घरातून आणि मी माझ्या घरातून जाणार होते. प्रज्योतने आणि मी ठरवले की आपण आपल्या रीतीने जायचे. लोकांच्या मनातला पूर्वपक्ष प्रज्योत मांडील, म्हणजे आपले म्हणणे कोणीतरी ऐकले असे त्यांना वाटेल. त्यानंतर उत्तरपक्ष मी मांडीन.

आदल्या दुपारी आम्ही दोघे पूर्वपक्ष रचायला बसलो. मी त्यात कसर ठेवली नाही. पहिला मुद्दा : एक रोगी सापडला तर आळी सील होईल, मासळी सडेल, आणि रोज विकून रोज खाणाऱ्या माणसाला एक दिवसही थांबता येत नाही. दुसरा मुद्दा : घराला घर लागून आहे, घरोघरी म्हातारी माणसे आहेत, अंतर ठेवायला जागा नाही. तिसरा मुद्दा मला जेवताना सुचला : पाहुण्याला जायला दुसरी जागा आहे, विलगीकरण केंद्र आहे, तिथे डॉक्टर आहे, आपल्याला मात्र दुसरी जागा नाही.

प्रज्योत म्हणाला, “आत्या, हा तिसरा तर कोणाच्या बापाला खोडता यायचा नाही.”

“येतो. ऐक.” आणि मी त्याला उत्तरपक्ष संपूर्ण सांगितला. त्याने नेहमीप्रमाणे मध्ये शंका काढल्या, मी त्यांची उत्तरे दिली, आणि तो म्हणाला, “झकास. उद्या खळ्यात मजा येणार.”

दुसऱ्या दिवशी त्याने पूर्वपक्ष मांडला. तिसऱ्या मुद्द्याला पुढच्या बायका रडू लागल्या. आता तो माझ्याकडे हात करील, म्हणून मी उठून उभी राहिले. त्याने हात केलाही. पण म्हणाला, “आणि एक सांगतो. यातलं काही माझं नाही. हे सगळे मुद्दे आत्याचे आहेत. काल घरी बसून तिनंच काढलेत. खोटं वाटत असेल तर विचारा तिला.” आणि तो खाली बसला.

पाटलांनी विचारले, “काय गो बाय, तुझेच का हे?”

मी म्हणाले, “हो, मुद्दे माझेच आहेत. पण...”

कुंडलिकने जागच्या जागी हात वर केला. “मास्तरीणबायच बोलते तर आता काय उरलं? हात करा रे वर!” सगळे हात वर गेले. माझ्या वाक्याचा उरलेला भाग कोणालाही नको होता. मी पुन्हा पुन्हा बोलू पाहिले. लोक उठले होते, आणि रुमालाआडून माझा आवाज पुढच्या रांगेपलीकडे गेला नाही.

मी ‘नाही’ म्हणायला हवे होते, असे मला नंतर काही जणांनी सुचवले. ते असत्य झाले असते. विचारलेल्या प्रश्नाला मी खोटे उत्तर देत नाही, ही एक गोष्ट प्रज्योतला माझ्याविषयी निश्चित ठाऊक होती, आणि त्याने नेमका तिचाच वापर केला. कुंडलिकने मला हरवले असते तर मी ते सोसले असते. मला माझ्याच मुद्द्यांनी, माझ्याच खरेपणाच्या आधाराने, मी घडवलेल्या माणसाने हरवले.

आम्ही खळ्यातून बाहेर आलो तेव्हा आळीच्या तोंडाशी केंद्राची बस उभी होती, इंजिन चालू ठेवून. बैठकीचा निर्णय होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती. कार्य कारणाच्या आधी घडत नसते. मी प्रज्योतला विचारले, “बस कधी बोलावलीस?”

“आत्या, आता ते कशाला?”

“कधी?”

“सकाळी,” तो म्हणाला. मग म्हणाला, “कल्पिताला सातवा महिना लागलाय गं. मला नाही रिस्क घ्यायची.”

हा मुद्दा त्याने आदल्या दुपारी मला सांगितला असता तर मी तो पूर्वपक्षात सर्वांत वर ठेवला असता, आणि कल्पिताची सोय कुठे करायची हेही आम्ही त्याच टेबलावर ठरवले असते. तो मला सांगितला गेला नाही, कारण वाद जिंकणे त्याला पुरेसे नव्हते. तो माझ्या नावावर जिंकायचा होता.

पाहुण्यांना खाली आणले. दंतवैद्यांच्या पत्नीला काय चालले आहे ते कळत नव्हते, ती आळीतल्या बायकांना हात हलवून निरोप देत होती. लालरिनपुईला सगळे कळत होते. तेवढ्यात शीतल आपली पिशवी घेऊन आली.

“मॅडम, मी यांच्याबरोबर जाते. तिथे यांना कोणाची भाषा समजणार नाही.”

मी म्हणाले, “शीतल, तिथे एकदा गेलीस की सोडणार नाहीत.”

“बाबांना फोन केला. ते म्हणाले, जा, पण तोंडावरचं काढू नको.”

मागून कोणीतरी ओरडले, “तू मानखुर्दची, तुला काय पडलंय एवढं?” तिने मागे वळूनही पाहिले नाही. ती बसमध्ये चढली व पाहुण्यांबरोबर केंद्रात राहिली. पुढे अर्जेंटिनाच्या जोडप्याला त्यांच्या वकिलातीच्या विमानाने नेले. लालरिनपुईला शीतलने मानखुर्दला आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेले, आणि गाड्या सुरू होईपर्यंत ती तिथे राहिली. शीतल कामावर परत आली नाही. मी बोलावलेही नाही. कोणत्या तोंडाने बोलावणार होते?

कलम ५. त्यानंतर

२०२२ साली हॉस्टेल पुन्हा उघडले आणि आश्चर्य वाटावे इतके चालले. प्रज्योतने दुसरी शाखा बोरिवलीला व तिसरी मुलुंडला काढली. त्याची कर्तबगारी मी नाकारत नाही.

२०२३ च्या डिसेंबरात लालरिनपुई आली. आता ती चित्रपटांच्या कामांवर जाते. प्रज्योतने हॉस्टेलच्या गच्चीवर काढलेल्या कॅफेत जाऊन ती खाली माझ्याकडे आली. हसत होती, पण ते हसू पाहून मला खुर्चीत सरळ बसावे लागले.

“मॅडम, वरती भिंतीवर काय लिहिलंय, वाचलंय?”

“मला जिने चढवत नाहीत.”

“लिहिलंय, जगाने दारं लावून घेतली तेव्हा हे दार उघडं होतं. खाली तुमचा फोटो आहे. खरंच आहे, मॅडम. दार उघडंच होतं. आम्हाला बाहेर काढायला.”

तिने मला फोनवर एक चित्रफीतही दाखवली. प्रज्योत इंग्रजीत सांगत होता की महामारीत आळी विरोधात गेली, पण माझी वृद्ध आत्या उभी राहिली आणि आम्ही एकाही पाहुण्याला जाऊ दिले नाही. चित्रफितीत मी ओट्यावर बसलेली दिसते. ती कशासाठी घेतली जात आहे हे मला सांगितलेले नव्हते. त्या चित्रफितीखाली हजारो लोकांनी मला आशीर्वाद दिले आहेत.

मी प्रज्योतला बोलावून घेतले. तो म्हणाला, “आत्या, ते ब्रँडिंग असतं गं. लोकांना स्टोरी लागते.”

“खोटी?”

“खोटी कशी? हॉस्टेलची मालकीण कोण? तू. तू पाहुण्यांना काढा म्हणालीस? नाही. मग मालकिणीने काढलं नाही, म्हणजे हॉस्टेलने काढलं नाही. काढलं ते आळीने. सांग, कुठे खोटं आहे?”

त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. दुसऱ्याच क्षणी शिसारी आली. आळीसमोर त्याने मला पाहुणे काढणारी ठरवले, जगासमोर पाहुणे राखणारी ठरवले, आणि दोन्ही वेळा फायदा त्याचा झाला.

मी भिंत पुसायला सांगितले. तो “बघतो” म्हणाला. मग दर रविवारी तो माझ्यासाठी पापलेट आणि नव्या पुस्तकांची गठडी घेऊन येऊ लागला, आणि एकदा सहज म्हणाला, “आत्या, ते २०१८ चं मृत्युपत्र आहे ना तुझं, ते तसंच आहे ना गं?” आरंभी मी ज्या लाडीगोडीचा उल्लेख केला ती ही. पापलेट उत्तम होते. भिंत अजून तशीच आहे.

कलम ६. प्रज्योतचा पूर्वपक्ष

घर प्रज्योतला का द्यावे, हे मी माझ्या रीतीने आधी मांडते.

तो माझ्या एकुलत्या भावाचा एकुलता मुलगा आहे. बापाची होडी विकून त्याने हे घर कमावते केले. तो नसता तर वरचे मजले आजही रिकामे असते. पाहुणे गेल्यावर आळीत कोणी दगावले नाही, आणि ते राहिले असते तर कोणी दगावले असते की नाही हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. घरात गरोदर बायको असलेल्या माणसाने भिणे हा गुन्हा नव्हे. आजारपणात मला डॉक्टरांकडे तोच नेतो. कोळीवाड्यातले घर कोळीवाड्यातच राहावे, ही भावना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ती थट्टेवारी नेण्याजोगी नाही. शिवाय सगळे आयुष्य वाद घालण्यात गेलेल्या बाईने एका हरलेल्या वादापायी पोराला बेघर करणे, हा वादाचा नव्हे, अहंकाराचा विजय होईल.

हा पूर्वपक्ष मजबूत आहे. शेवटचे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

कलम ७. निर्णय

पाहुण्यांना काढावे असे प्रज्योतला वाटले, म्हणून मी घर त्याच्याकडून काढून घेत नाही. तसे वाटण्याचा त्याला हक्क होता, कुंडलिकलाही होता. त्याने मला समोर येऊन विरोध केला असता तर हे घर आजही त्याचेच असते. मी घर काढून घेते ते एवढ्यासाठी की उत्तर ठाऊक असताना त्याने ते लोकांच्या कानी पडू दिले नाही, आणि नंतर त्याच उत्तराचे श्रेय भिंतीवर रंगवून घेतले. ज्याच्या हाती घर द्यायचे त्याच्या शब्दावर मला मेल्यानंतर देखरेख ठेवता येणार नाही. तो बेघर होत नाही. बोरिवलीला त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे.

एक मधला मार्ग माझ्या मनात आला होता. प्रज्योतने पुन्हा खळ्यात बैठक बोलवावी, जे घडले ते सांगावे, माझा उत्तरपक्ष स्वतःच्या तोंडाने मांडावा, आणि मग घर घ्यावे. पुष्कळ विचारानंतर मी ती अट घालत नाही. तो ते उत्कृष्ट करील. पुढच्या बायका पुन्हा रडतील. न पटलेली बाजू पटल्यासारखी मांडायला त्याला मीच शिकवले आहे, आणि त्याचे पश्चात्तापाचे भाषण खरे की बेतलेले हे ओळखण्याची कसोटी माझ्या शास्त्रात नाही.

म्हणून ‘पुतळाई’ हे घर, जमिनीतील माझ्या सर्व हक्क व हितसंबंधांसह, मी कु. शीतल सीताराम जोगदंड, राहणार मानखुर्द, हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने तेथे राहावे, हॉस्टेल चालवावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. मी कोणतीही अट घालत नाही. या मजकुराची तिला कल्पना नाही, आणि २०२० नंतर तिची माझी भेट एकदाच, लालरिनपुई पुढे एकदा तिला घेऊन आली तेव्हा, झाली आहे. सबब तिने मला फितवले हा आक्षेप उभा राहू शकत नाही.

ती आपल्यातली नाही, असे म्हटले जाईल. खळ्यात त्या दिवशी आपल्यातली सगळी माणसे हजर होती.

कलम ८. प्रज्योतला काय मिळते

‘शीड’ हे नाव, खाटा, कपाटे, पंखे आणि बोरिवली व मुलुंडचा धंदा हे सर्व प्रज्योतचे आहे. ते त्याच्या बापाच्या होडीतून आले. खाटा नेण्यास त्याला वर्षभराची मुदत द्यावी. वक्तृत्वाच्या सर्व ढाली माझ्या कपाटात आहेत, त्याही त्याला द्याव्यात. त्या त्याने प्रामाणिकपणे जिंकल्या होत्या.

गच्चीवरील भिंत माझ्या तेराव्याच्या आत पुसावी. माझे छायाचित्र आणि ओट्यावरची चित्रफीत धंद्यासाठी वापरण्याची परवानगी मी कधीही दिली नव्हती. मृत्यूनंतरही देत नाही. शोकसभेत प्रज्योतला बोलायला देऊ नये. तो फार चांगले बोलेल.

कलम ९. व्यवस्था

या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी ॲड. श्रुतिका दळवी हिची नेमणूक करते. प्रज्योत न्यायालयात गेला तर तिने चिडू नये. त्याचे मुद्दे बहुधा कलम ६ मध्ये सापडतील.

कलम १०. आज सकाळी वाढवलेले

साक्षीदार म्हणून मी कुंडलिक पोशा केणी यांना बोलावले. त्यांना माझ्याविषयी प्रेम नाही व या मृत्युपत्रातून त्यांच्या पदरी काही पडत नाही, असे दोन्ही गुण एकत्र असलेला दुसरा माणूस आळीत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. पण घर कोणाला चालले आहे याचा त्यांना अंदाज होता, आणि ते दारातूनच बोलू लागले.

“गो बाय, घर आळीबाहेर नको देऊ. पोराच्या हातून झाली असल चूक. रगताचा हाय तो. कापून टाकशील का काय?”

मी म्हणाले, “कुंडलिक, त्या दिवशी खळ्यात मला काहीतरी बोलायचे होते.”

“तू बोललीस की! मुद्दे माझेच म्हनालीस.”

“त्याच्यापुढचे. आता ऐकणार?”

ते दुसऱ्या साक्षीदार म्हणून आलेल्या डॉ. पागधरे यांच्याकडे पाहून म्हणाले, “मास्तरीण हाय, आयकल्याबिगर काय सोडायची नाय,” आणि बसले. मी उत्तरपक्ष त्यांना सांगितला. तो येथे लिहून ठेवते, म्हणजे तो कोठे तरी पुरता नोंदला जाईल.

“तुम्ही म्हणता, पाहुण्यांपासून आळीला धोका आहे. रोग बाहेरून येतो. हे तिघे टाळेबंदीच्या आधीपासून वर आहेत आणि खाली उतरलेले नाहीत. बाहेर कोण जाते? धक्क्यावर आपण जातो. बाजारात आपण जातो. पाण्याला, दळणाला, औषधाला आपण जातो. तेव्हा रोग गेलाच तर तो आपल्याकडून त्यांच्याकडे जाईल. भिण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे, आणि तरी आळी रिकामी करा असे त्यांनी आपल्याला म्हटलेले नाही. तुम्ही म्हणता, त्यांना दुसरी जागा आहे. ती आजाऱ्यांची जागा आहे. धडधाकट माणसाला आजाऱ्यांत नेऊन सोडणे, याला जागा देणे म्हणत नाहीत. आळी सील होईल ही तुमची भीती खरी आहे. म्हणून आजपासून माझ्या घरातले कोणीही बाहेर पडणार नाही, मीसुद्धा. आमचे सामान तुम्ही ओट्यावर ठेवा आणि लांब व्हा. आमच्याकडून तुम्हाला काही होणार नाही. तुमच्याकडून आम्हाला होऊ नये, एवढे पाहा.”

कुंडलिकनी विचारले,

“ती सोकरी खाली उतरलीच नव्हती?”

“नाही.”

“नि मी रोज धक्क्यावर.”

“रोज.”

“नि हात मीच केला पयला.”

“हो.”

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. “हे तू आता सांगतेस ते परज्योतला ठावं होतं?”

“आदल्या दुपारपासून.”

“मंग तो बोलला कसा नाय?”

 याचे उत्तर मी सहा वर्षे शोधते आहे.

कुंडलिकनी हात पुढे केला. “दे गो पेन इकडं.”

वरील दहा कलमे मी पुन्हा वाचली. त्यांत मला बदल करायचा नाही. साक्षीदारांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत व एकमेकांच्या देखत त्यांनी केली.

ठिकाण : नाखवा आळी, अंधेरी (पश्चिम), मुंबई
दिनांक : ८ फेब्रुवारी २०२६

लिहून ठेवणार
(सही) शर्मिष्ठा हिराजी मढवी

साक्षीदार
१. (सही) डॉ. जान्हवी पागधरे
२. (सही) कुंडलिक पोशा केणी